पहिलं गाणं स्वतःवर

अन्वी, गेल्या हिवाळ्यात तू मला फोनच्या पडद्यावरून थांबवलंस. मी तुला आणि तुझ्या भावाला, ईशानला, लंगड्या सगुणेची गोष्ट सांगायला घेतली होती, आणि पहिल्याच वाक्याला तू म्हणालीस, "आजी, असं नाही म्हणायचं कुणाला." तुझ्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी तू अलगद बोललीस. मी "बरं" म्हटलं, तुझ्या परीक्षेचं विचारलं, आणि गोष्ट तिथेच राहिली. तुझं चुकलं असं मला वाटलं नाही. तुझ्या वयात मीही तेच केलं होतं, आणि फार नीटनेटकेपणानं केलं होतं. म्हणून हे प्रकरण मी तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते आहे. तो शब्द यात येईल. तो तिचा होता, तिनं स्वतः घेतलेला होता, आणि आम्ही तो तिच्याकडून काढून घेतला, त्याचीच ही हकिकत आहे.

वैनगंगेच्या अलीकडे, ब्रह्मपुरीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव होतं. आमचं म्हणायचं ते सवयीनं. माझे वडील तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक, मूळचे वऱ्हाडातले, आणि इतकी वर्षं राहूनही गावानं त्यांना "गुरुजी" या एका शब्दाच्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं, घरात घेतलं नव्हतं. शाळेला लागून दोन खोल्यांचं आमचं घर, आणि मागच्या दारातून पाऊल टाकलं की धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांधच, पायाखाली यायचा. पावसाळ्यात घरभर चिखलाचा, ओल्या गोणपाटाचा आणि लाखोरीच्या डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास मिसळून असे. आईला सात्या फार आवडत. वारुळाजवळ उगवणारी ती पांढरी छत्र्यांची भाजी कुणी पळसाच्या पानात बांधून आणून दिली की त्या दिवशी भात एक मूठ जास्त शिजायचा. बेडकांचा आवाज इतका सतत असायचा की तो थांबला तरच कळायचं.

वडील फार भले माणूस होते. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्याबद्दल वाईट मत कराल आणि ते मला चालणार नाही. त्यांनी कधी मुलावर हात उगारला नाही. ज्यांची मुलं शाळेत येत नसत त्यांच्या घरी ते स्वतः जाऊन ओट्यावर बसत, मूल बाहेर येईपर्यंत. गावात त्यांनी सुधार मंडळ काढलं होतं. त्याच्या सभेत विहिरीभोवती कठडा बांधायचा ठराव झाला आणि खरोखर बांधलाही गेला. मी त्यांची एकुलती मुलगी, आणि त्यांची लेखनिकही. माझं अक्षर वळणदार. वहीला समास आखल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नसे. ब्रह्मपुरीच्या शाळेत मी मावशीकडे राहून शिकत होते, तिथे इंग्रजी सुरू झालं होतं, आणि रोवण्याच्या दिवसांत मी घरी येई तेव्हा गावाला मी जरा जास्तच स्वच्छ दिसत असणार.

रोवणा म्हणजे धानाची लावणी. चिखल केलेल्या बांधीत बायका एका ओळीत वाकून उभ्या राहतात, डाव्या हातात पऱ्ह्यांची म्हणजे कोवळ्या रोपांची पेंडी, उजव्या हातानं रोप खोचत खोचत मागे सरकायचं. ओळ वाकडी झाली की काम फसलं. ओळ सरळ ठेवायची ती गाण्यानं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि त्या तालावर वीस हात एकदम चिखलात बुडायचे. आमच्या मागच्या दारातून तो आवाज यायचा: आधी एक सूर, मग अनेक गळे, मग "चप्" असा एकच ओला आवाज. पुस्तक हातात धरून मी तासन्‌तास तो ऐकत असे आणि पान उलटायचं विसरत असे.

ओळ टाकणारी ती सगुणा. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची, नवऱ्यानं टाकल्यावर भावाकडे राहणारी, चाळिशीची, काटक बाई. लहानपणी बैलबंडीचं चाक पायावरून गेलं होतं, तेव्हापासून डावा पाय आत वळलेला. चिखलात तो पाय रुतायचा आणि काढायला वेळ लागायचा. खरं तर रोवण्याच्या टोळीत तिची जागा नव्हती. पण जनाबाई, जी टोळी जमवायची आणि शेतकऱ्याशी बोलणी करायची, ती पहिलं नाव सगुणेचंच घ्यायची. सगुणा धुऱ्याकडच्या टोकाला उभी राहायची, आणि तिच्या शेजारच्या दोघी-तिघी न बोलता आपापल्या वाट्यापेक्षा दोन-दोन रोपं जास्त खोचून तिची जागा भरून काढायच्या. त्यात उपकार नव्हता. ती गाणं भरत होती, त्या चिखल भरत होत्या. शेवटी वाटा सगळ्यांना सारखा.

आणि गाणी कसली, तर चिडवायची. गावातला एक माणूस त्यातून सुटत नसे. त्याला मात्र एक रीत होती, आणि ती मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. जिनं दुसऱ्याला चिडवायचं तिनं पहिलं गाणं स्वतःवर म्हणायचं. त्याशिवाय दुसऱ्याचं नाव तोंडातून काढता येत नसे. सगुणा रोज सकाळी बांधीत उतरली की आधी हे म्हणायची:

एक पाय माहा धुऱ्यावर, दुसरा चिखलात रुते
लंगडीची चाल वाकडी, म्हून गाणं सरळ सुटे

सगळ्या ओळीत हसू पिकायचं, आणि मग बाकीच्यांची पाळी. जनाबाईचं ठरलेलं होतं:

जनाबाई घोरू लागे, तळ्यात मासा जागे
नवरा तिचा चटई घेऊन पाटलाचा ओटा मागे

"अवो, तुह्या भावाले मासे भेटत नाई तं माह्या घोरण्यावर काऊन ढकलतं व?" जनाबाई वाकल्या वाकल्या ओरडायची.

"मासेच सांगून राह्यले ना बाई मले!" सगुणा म्हणायची. "झोप नाई म्हणे. डोळे पाह्य त्यायचे, मिटतेत का कधी?"

पाटलाचीही गय नव्हती. त्यांच्या शेतात दुपारी गंजातून, म्हणजे मोठ्या पातेल्यातून, आंबील मिळायची ती फार पातळ असायची. पाटील स्वतः छत्री घेऊन धुऱ्यावर उभे असताना सगुणा मान वर न करता म्हणायची:

पाटलाघरची आंबील पातळ, थोबाड दिसे तिच्यात
पाटलीणबाई भांग काढे वाकून वाकून गंजात

पाटील खोकल्यासारखं करून तोंड फिरवायचे. दुसऱ्या दिवशी आंबील घट्ट असायची. मंडळाच्या सभेत हा प्रश्न मांडला असता तर तीन वर्षं लागली असती.

नव्या सुनांचं तर वेगळंच होतं. लग्न होऊन आलेली पोर पहिल्या रोवण्याला मान खाली घालून चिखलात उभी असायची, कुणाची कोण कळायचं नाही, आणि एक दिवस गाण्यात तिचं नाव यायचं. भात करपवते, नवऱ्याला घाबरते, माहेरच्या वाटेकडे बघता बघता शेणाची पाटी पालथी घालते, असलं काहीतरी. ती आधी लाल व्हायची, मग रडायची, मग हसायची. आणि त्या दिवसापासून ती गावाची. "गाण्यात आली" असं म्हणत. आई मला एकदा म्हणाली, "मला नाही बाई आणलं कधी गाण्यात." भात वाढता वाढता म्हणाली, आणि लगेच मीठ आणायला आत गेली. तिला त्या गावात तेव्हा बारा वर्षं झाली होती.

मला गाण्यात यायचं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला दुसरी कुठली इच्छा असावी तशी ती इच्छा होती, सकाळी उठल्यावर पहिली आठवणारी. मी पाण्याचा तांब्या घेऊन धुऱ्यावर जायची, मुद्दाम समोर उभी राहायची. एकदा धीर करून विचारलंच. सगुणा पेंडी सोडवत होती.

"तुले?" ती म्हणाली. "गुरुजीची पोट्टी तू. तुह्यात चिडवाले काय हाय? बोट लावलं तं डाग पडन."

"काहीतरी असेलच की."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या इस्त्रीच्या परकराकडे, मी चिखल चुकवून धुऱ्यावरच्या गवतावर ठेवलेल्या पावलांकडे. "हाय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत ते चमकलं जे गाणं सुटण्याआधी चमकायचं. "हाय, हाय. पण पिकू दे. यंदाचा रोवणा सराच्या आत देतो तुले." मी घरी पळत आले. आईला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ब्लॉकच्या कचेरीतून एक बाई गाव पाहायला आल्या. खादीची साडी, जाड चष्मा, चेहऱ्यावर खरी काळजी. आमच्याकडे जेवल्या, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या मागून घेतल्या, आणि हात धुवायला मागच्या दारी गेल्या तेव्हा बांधीतून सगुणेचं ते पहिलं गाणं येत होतं. इतर बायकांनी "लंगडीची चाल वाकडी" झेललं आणि एकदम हसल्या. बाई हात ओले तसेच ठेवून ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. आत येऊन त्या वडिलांना म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्यासारखा माणूस असताना एका पांगळ्या बाईची अशी भर शेतात टिंगल होते? सगळ्या मिळून हसतात तिला!"

ते गाणं तिचंच आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण पाहुण्यांसमोर मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही अशी घरची शिस्त होती, आणि मी शिस्तीची मुलगी होते. वडिलांची मान खाली गेली. इतकी वर्षं तो आवाज त्यांच्याही कानावर पडत होता, आणि आपण कधी लक्ष दिलं नाही याची त्यांना लाज वाटली. ती लाज खरी होती. माझी अडचण तीच आहे, मुलांनो: या गोष्टीत दुष्ट माणूस मला सापडत नाही.

बाई गेल्यावर वडिलांनी मला दोनशे पानी वही दिली. म्हणाले, "रोवण्याची सगळी गाणी लिहून आण. काय आहे ते आधी पाहू. चांगली असतील ती ठेवू." मी समास आखले आणि तळ्यावर गेले.

सगुणेचं घर म्हणजे तळ्याच्या पाळीवर, काठच्या बांधावर, कुडाची एक खोली. बाहेर बांबूवर जाळी वाळत असायची आणि खाली सुकट पसरलेली. ती जाळ्याची तुटलेली घरं विणत बसली होती. मी वही उघडली तशी तिचे हात थांबले.

"कायले लिहितं व?"

"बाबांनी सांगितलंय."

"बुक करन का गुरुजी?"

मी "हो" म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही म्हटलं. चांगली ठेवू असं बाबा म्हणाले होते. तिची तर सगळीच चांगली होती. आणि ठेवायचं म्हणजे पुस्तकातच, असा माझा सरळ हिशेब होता. पण बाबांच्या खोलीत बाईंचे शब्द मी ऐकले होते, आणि ते मी तिला सांगितले नाहीत. चार दिवस मी तिच्याकडे जात होते. भावाला म्हणाली, "अरे, पोट्टीले झिंग्याची चटणी दे भाकरीसंगं, माहं बुक करून राह्यली ते." एकेक गाणं ती दोनदा म्हणायची, दुसऱ्यांदा सावकाश, माझा टाक पोचेपर्यंत. आपल्या तोंडातलं कागदावर उमटताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या नावापाशी ती बोट टेकवायची आणि विचारायची, "हे मी?" शेवटच्या दिवशी मी वहीच्या अगदी शेवटच्या पानावर समास आखला, वर माझं नाव लिहिलं, आणि तिला दाखवलं. ती हसली. "ठेव मोकळं," म्हणाली. "येते ते."

वडिलांनी ती वही एका रविवारी सकाळी तपासली, परीक्षेचे पेपर तपासावेत तशी, लाल शाईनं. कुणाच्या शरीरावर बोट ठेवणारं काटलं. कुणाच्या गरिबीवर, कुणाच्या चिकटपणावर, नवराबायकोवर, सासूवर, जातीच्या धंद्यावर, काळ्यागोऱ्यावर. प्रत्येक वेळी त्यांना वाईट वाटत होतं. मधूनमधून एखादी ओळ वाचून त्यांना हसू येई, आणि हसू आलं म्हणून ते आणखी घट्ट रेघ मारत. पंचेचाळीस-पन्नास गाण्यांतून चार राहिली. ती पाऊस, बैल, धानाची लोंबी आणि देव यांच्यावरची होती, आणि सगुणा ती कधी फारशी म्हणत नसे. पहिल्याच पानावर "लंगडीची चाल वाकडी" या ओळीवर दोन रेघा होत्या.

सभा शाळेच्या पडवीत झाली. गाण्यांसाठी केलेले नियम वाचायला वडिलांनी मलाच उभं केलं, माझा उच्चार स्पष्ट म्हणून. मी वाचलं. शारीरिक व्यंगाचा उल्लेख करू नये. कोणाचेही नाव घेऊन विनोद करू नये. आवाज कापला नाही माझा. कौतुकच झालं नंतर. बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. वाचून झाल्यावर सगुणा भिंतीला हात लावून उठली.

"गुरुजी, ते पहिलं तं माह्यावरचं हाय. माहंच हाय. कोणाले लागलं?"

"सगुणाबाई," वडील फार मऊपणे म्हणाले, "तुम्हाला लागत नसेल. पण ऐकणाऱ्याला लागतं."

"तं ऐकणाऱ्यानं कान झाका ना!" जनाबाई मागून म्हणाली, आणि बायका हसल्या. पाटील हसले नाहीत. पाटील म्हणाले, "गुरुजी बरोबर सांगून राह्यले. माणसाले मान पायजे." आंबिलीचं गाणंही काटलं गेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. सगुणा अजून उभीच होती. तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या उघड्या वहीकडे, आणि लाल रेघा इतक्या लांबूनही दिसत होत्या.

"हेच बुक का व?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून रोवणा मुका झाला. वडिलांनी स्वतः रचून एक गाणं दिलं होतं, गाव झाडून स्वच्छ ठेवण्याबद्दलचं. त्याची चाल शाळेच्या प्रार्थनेची होती. तिच्यावर हात चालत नाही, पाय फक्त सरळ उभे राहतात. बायकांनी दोनदा म्हटलं आणि सोडून दिलं. मागच्या दारातून आता नुसते चिखलाचे आवाज यायचे, एकेकटे, कधी इकडे कधी तिकडे. ओळी वाकड्या होऊ लागल्या. जनाबाईच्या घोरण्याची चेष्टा पूर्वी तिच्या तोंडावर व्हायची, ती आता पाठीमागे होऊ लागली, आणि तिला ती कुणीतरी नेऊन सांगितली. त्यावरून दोन घरच्या बायकांनी बरोबर पाणी भरायला जाणं बंद केलं. आंबील पातळ झाली. पण हे सगळं मला नंतर जुळवता आलं. तेव्हा मला दिसली ती फक्त सगुणा, धुऱ्याकडच्या टोकाला, मागे राहिलेली. ताल नव्हता, म्हणून शेजारणींच्या हातांना तिची जागा भरायचं आठवत नव्हतं. त्या आपापल्या ओळी ओढत पुढे निघून जात. मध्ये बिनलावणीचा चिखल उरायचा, आणि त्यात ती पाय उपसत असायची. पूर्वी कुणीतरी "ये ना वो लंगडे, बैल लावू का?" असं ओरडलं असतं आणि तिनं बैलापेक्षा वाईट काहीतरी परत दिलं असतं. आता तसं बोलायला बंदी होती, म्हणून तिला कुणी काहीच बोलेना.

पाचव्या-सहाव्या दिवशी पाटील धुऱ्यावरून जनाबाईला म्हणाले, "गाणं नाई तं हे बाई कायले ठेवली व? माहं अर्धं शेत उघडं पडून राह्यलं." जनाबाईनं दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ती तळ्याच्या पाळीवर जाऊन आली. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. परतताना तिनं आमच्या मागच्या दारापाशी थांबून आईला एवढंच सांगितलं, "बाई, माह्या तोंडानं मले सांगा लागलं तिले. गुरुजीले म्हणा, हे पण लिहून घ्या."

वडील अस्वस्थ झाले. त्यांनी मार्ग काढला, त्यांच्या स्वभावाप्रमाणे चांगलाच काढला. पुढच्या सभेत मंडळातर्फे सगुणेला लुगडं आणि घोंगडी देण्यात आली. ब्लॉकातल्या त्या बाई मुद्दाम आल्या. फळ्यावर मी रंगीत खडूनं लिहिलं होतं, "आमच्या अपंग भगिनीस सप्रेम भेट". सगुणेला खुर्चीवर बसवलं. गावात ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. टाळ्या वाजल्या. तिनं ते लुगडं मांडीवर धरलं, दोन्ही हातांनी, ओल्या मुलासारखं, आणि सगळा वेळ आपल्या पायाकडे पाहत राहिली. तो पाय तिनं लुगड्याखाली झाकून घेतलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

ब्रह्मपुरीला परतायच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन तिच्याकडे गेले. क्षमा मागायला गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी गाणं मागायला गेले होते. ती पाळीवर जाळं विणत होती. मला पाहून उठली. पूर्वी कधी उठत नसे.

"या ना बाई," ती म्हणाली. "बसा."

मी उभीच राहिले. "सगुणाबाई, माझं राहिलंय. तुम्ही म्हणाला होतात, रोवणा संपायच्या आत."

"तुमच्यावर?" तिनं लुगड्याचा पदर डोक्यावर नीट केला. "नाई बाई. तुमच्यावर काय म्हणाव. मोठ्या घरच्या लेकी तुम्ही."

"इथे कुणी नाहीये. मी कुणाला सांगणार नाही."

ती जाळ्याची गाठ ओढत राहिली. मग म्हणाली, "पहिलं माह्यावर म्हणा लागते. रीत हाय ते. माह्यावरचं आता कसं म्हणू? काल लोक लंगडी म्हणत, तं मी त्यायच्या संगं हासत होती. आता बिचारी म्हणतेत. बिचारीनं कोणाले चिडवाव?" तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. भाव विचारल्यावर सांगावा तसं तिनं सांगितलं. निघताना तिनं मला पानात बांधून सुकट दिली आणि पाळीच्या टोकापर्यंत पोचवायला आली, पाय ओढत, माझ्या एक पाऊल मागून.

पुढे मी नागपूरला शिकले, इंग्रजी शिकवलं, लग्न झालं, तुमच्या आईचा जन्म झाला. सगुणा गेल्याचं मला आईच्या पोस्टकार्डातून कळलं, धानाच्या भावाच्या आणि गाय व्याल्याच्या मध्ये एका ओळीत. रोवण्याला ती पुन्हा उतरली नाही. वडील शेवटी माझ्याकडेच होते, पावसाळ्यात दुपारी झोपेतून उठून ते विचारत, "मागं रोवणा लागला नाही का ग अजून? आवाज येत नाही." मी म्हणत असे, "लागेल बाबा." आमच्या घरामागे तेव्हा दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

वही माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका महाविद्यालयातल्या तरुण प्राध्यापकांनी ती मागितली. आमच्या त्या भागातल्या, झाडीपट्टीतल्या लोकगीतांचा संग्रह काढणार होते. मला फार आनंद झाला. बुक होणार, असं मी मोठ्यानं म्हटलं, खोलीत कुणी नसताना. प्रती काढून पाठवल्या. दोन महिन्यांनी त्या परत आल्या, बरोबर फार आदरानं लिहिलेलं पत्र. गाणी अनमोल आहेत, पण काही उल्लेख आजच्या काळात दुखावणारे ठरतील, समितीचं तसं मत आहे, तेवढे वगळायला माझी परवानगी असावी. वगळायच्या ओळी पिवळ्या रंगानं दाखवल्या होत्या. मी चष्मा लावून दोन्ही ताडून पाहिलं, सवयच आहे मला. एखाददुसरी सोडली तर पिवळं तिथेच होतं जिथे लाल होतं. मी परवानगी दिली नाही, आणि संग्रह त्या गाण्यांशिवाय निघाला. माझंही बरोबर होतं की नाही, मला सांगता येत नाही. चार गाणी तरी छापून आली असती.

अन्वी, कुणाला दुखवू नये हे तू म्हणतेस ते खरं आहे. फक्त ज्याला दुखतं असं आपल्याला वाटतं, त्याला एकदा विचारावं. बाई आल्या त्या दिवशी मागच्या दारातून तेवढं करायला दोन पावलं लागली असती. ही वही मी तुम्हा दोघांच्या नावानं कपाटात ठेवली आहे. लाल रेघांखालून अक्षर अजून वाचता येतं, माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं. पहिल्या पानापासून वाचा, मोठ्यानं वाचा. शेवटच्या पानावर नीट आखलेला समास आहे आणि वर माझं नाव आहे. ज्यावर माणसाचं नाव आहे आणि तरी कुणीही हरकत घेतलेली नाही असं त्या वहीत तेवढं एकच पान आहे. त्याच्यावर काही लिहिलेलं नाही.